कोरडे नऊ आठवडे

मेल आला तेव्हा मी बी.एस्सी.च्या पोरींचं प्रॅक्टिकल घेत होते. आपला शोधनिबंध स्वीकारण्यात येत आहे, मात्र खालील बाबींची पूर्तता एकवीस दिवसांत करावी. खाली सोळा बाबी. सारांश अडीचशे शब्दांत बसवा. संदर्भसूचीतली वर्षं कंसात टाका. ओळींना क्रमांक द्या, दोन ओळींमधलं अंतर दुप्पट करा, आकृत्या तीनशे डीपीआयच्या पाठवा. म्हणजे पोरगी पसंत आहे, फक्त नाक, रंग आणि उंची बदलून आणा. तरी मला इतका आनंद झाला की पोरींना मी दहा मिनिटं आधीच सोडून दिलं.

माझी बढती तीन वर्षांपासून या एका निबंधावाचून अडली होती. कॉलेज पवनी तालुक्यातलं, लॅबमध्ये सूक्ष्मदर्शक चार आणि त्यातले चालू दोन. इथं बसून नावाजलेल्या जर्नलमध्ये निबंध छापून आणायचा म्हणजे काही खायचं काम नाही. मुलाखत पुढच्या महिन्यात होती. सोळा बाबी झाल्या की स्वीकृतीचं पत्र, पत्र फाईलला लागलं की बढती. मी स्टाफरूममध्ये पेढे वाटायच्या बेतात होते, पण बॉटनीचे सर म्हणाले की आधी पत्र येऊ द्या, मग वाटा.

निबंध आमच्याच तलावावर होता. आसगावच्या रस्त्यावरून आत गेलं की आमची ढिवरांची टोली लागते, पंचवीसेक घरं आणि समोर तलाव. माझे वडील त्या तलावात मासे धरायचे. मोठं जाळं एकट्याच्यानं ओढवत नाही, दोन टोकांना दोन माणसं लागतात. वडिलांच्या जाळ्याचं दुसरं टोक शेजारच्या घरचे धरायचे. नात्याचे नव्हते, पण वडिलांहून वयानं मोठे, म्हणून मी त्यांना मोठेबाबा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला मोठीमाय.

हे दोघे दर उन्हाळ्यात भांडायचे. गेल्या साली मासे जास्त सापडले की यंदा, एवढ्याच गोष्टीवर, तंबाखू मळत, तासन्‌तास. शेवटी एका दिवाळीला दोघांनी मिळून एक दोरी सुरू केली. टोपलीभर मासे आले की एक गाठ. अड्याळचा बाजार झाला की लाल चिंधी, म्हणजे आठवडा संपला. दिवाळी आली की काळी चिंधी, म्हणजे वर्ष संपलं. आठवडाभर जाळं टाकूनही टोपली भरली नाही, तर गाठीच्या जागी एक काडी अडकवायची. लिहिता दोघांनाही येत नव्हतं. वडील गेल्यावरही मोठेबाबांनी ती दोरी चालू ठेवली, गुडघे जाऊन पाण्यात उतरणं सुटलं तोवर, अशी एकंदर अकरा वर्षं.

अकरा वर्षांची, आठवड्या-आठवड्याची, एकाच तलावाची नोंद. मी प्राणिशास्त्राची, पीएच.डी. माशांवर केलेली, आणि ही दोरी माझ्या शेजारच्या घरात खुंटीला टांगलेली. दोन वर्षांपूर्वी ते माझ्या डोक्यात शिरलं आणि मी लॅपटॉप घेऊन मोठेबाबांच्या ओसरीवर जाऊन बसले.

त्यांना मोतीबिंदू झाला होता. दोरी मांडीवर घेऊन ते अंगठ्यानं चाचपायचे आणि सांगायचे, मी तक्त्यात भरायची, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू असायचं. चार. दोन. काडी. पाच. मध्येच दोरीचा एखादा तुकडा यायचा, दोन लाल चिंध्यांमध्ये, त्यावर ना गाठ ना काडी. तिथं अंगठा थांबायचा आणि ते गप्प व्हायचे.

"किती, मोठेबाबा?"

"पुढं जा."

"पण इथं काय होतं?"

"पुढं जा म्हनलं ना तुले."

मग मी टॅब दाबून पुढच्या घरात जायची. मागे राहिलेलं घर रिकामं. मला वाटलं, बुढा माणूस आहे, काडी बांधायची विसरला असेल आणि कबूल करायची लाज वाटत असेल.

घरी येऊन मी निबंध लिहिला आणि जर्नलच्या नियमांप्रमाणे मांडायला घेतला. नियमात स्पष्ट होतं की तक्त्यातलं एकही घर रिकामं ठेवू नये. माझ्या दुसऱ्या क्रमांकाच्या तक्त्यात चाळीसेक घरं रिकामी होती. गाठ नाही म्हणजे मासा नाही, मासा नाही म्हणजे शून्य. मी सगळी रिकामी घरं निवडली, शून्य टाइप केलं आणि एका दमात सगळीकडे भरून टाकलं. चहा निवायच्या आत काम झालं. मोठेबाबा तेव्हा जिवंत होते, माझ्या क्वार्टरपासून स्कूटीनं अर्ध्या तासावर. एकदा जाऊन विचारलं असतं तर काय बिघडलं असतं माझं?

शून्यं भरल्यावर निबंधाला एकदम तेज आलं. सहाव्या वर्षात, विसाव्या आठवड्यापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत, सलग नऊ शून्यं होती. दिवाळीपासून मोजलं तर हा ऐन उन्हाळा, पाणी उतरून मासा सापडायचे दिवस. भरल्या हंगामात नऊ आठवडे एक मासा नाही. मी त्यावर दीड पान लिहिलं. आजूबाजूला उन्हाळी धान वाढलं, फवारणी वाढली, ते पाणी तलावात उतरलं, मासे मेले असावेत. दोन रिव्ह्यूअरपैकी एकानं तर खास कळवलं की हे नऊ आठवडे या निबंधाचा प्राण आहेत. तो शब्द वाचून मी स्वतःवरच खूश झाले होते.

मोठेबाबा धान कापणीनंतर गेले. मी मातीला गेले, दुसऱ्या दिवशी परत आले, कारण परीक्षेची ड्यूटी होती. टोलीतली सगळी जाळी खांबांना गुंडाळून बांधलेली होती, एकही पाण्यात नव्हतं. मी ती पाहिली. टोलीतच जन्मले, मला ठाऊक होतं की टोलीत कुणी गेलं की तेरवीपर्यंत कुणीच जाळं ओलं करत नाही. तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. इतकी शिकलेली मी, आणि समोरची जाळी पाहून बसमध्ये बसून आले.

तर आता सोळा बाबी. पहिल्या आठवड्यात तेरा उरकल्या. रोज दुपारी दोननंतर विभागात कुणी नसायचं, पंखा कुरकुरायचा, मी दार लोटून बसायची. तक्ता नव्या साच्यात उतरवायचा होता, घर न घर तपासून. आणि पहिल्याच दुपारी असं झालं की टॅब दाबला आणि मोठेबाबांचा आवाज ऐकू आला, पुढं जा. कानात हेडफोन नव्हता. आठवणीतला आवाज असतो तसा नाही, तंबाखूनं जड झालेला, अगदी खांद्यापाशी. मी वळून पाहिलं. मागे बाटल्यांचं कपाट होतं, त्यात फॉर्मेलिनमधले मासे.

मी भूतखेत मानत नाही. विज्ञान शिकवते, पोरींना अंधश्रद्धेवर व्याख्यान देते. पण गाठीच्या आकड्यांवरून टॅब दाबत जायची तेव्हा काही नाही, आणि शून्याच्या घरात आले की अंगावर काटा. पाठीशी कुणीतरी उभं राहून पडद्याकडे पाहून राहिलं आहे असं वाटायचं. मोतीबिंदूचा माणूस वाकून पाहतो तसं. तिसऱ्या दुपारी तर मी दार सताड उघडून ठेवलं आणि शिपायाला उगीच दोनदा पाणी आणायला लावलं. भीती वाटत होती, सांगायला काय हरकत आहे आता.

चौदावी बाब दोरीचा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि दोरी ज्यांच्याकडे आहे त्यांची लेखी परवानगी. पंधरावी आणि सोळावी अशी की मोठेबाबांच्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग शब्दन्‌शब्द उतरवून द्यावं, आणि सगळं एकत्र करून शेवटची प्रत चढवावी. रविवारी मी परवानगीचा कागद, शाईचं पॅड आणि छापलेला तक्ता घेऊन टोलीत गेले.

मोठीमायनं आधी जेवायला बसवलं. झिंग्याची भाजी आणि भात. मग दोरी काढली, अंगणात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नागमोडी अंथरली आणि कडेनं बसून घेतलं. मी फोटो काढत होते, ती बोटानं चिंध्या सारख्या करत होती.

"एवढा काय छापला व कागद?" तिनं तक्त्याकडे पाहून विचारलं.

मी तिला समजावून सांगितलं. हा एक आकडा म्हणजे एक आठवडा. ह्या चार गाठी, हे चार. ही काडी, हे शून्य. आणि ही मोकळी दोरी, हेही शून्य.

"काहून?"

"काही आलं नाही ना त्या आठवड्यात."

"काही आलं नाही तं काडी हाय ना तिथं. हे तं कोरडं हाय." तिनं दोरीवरचा हात काढला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी भात कशाचा होतो ते विचारलं होतं. "जाळंच नाही टाकलं बाई. कोरडं होतं जाळं. कोनी गेलं होतं टोलीतलं."

मी फोन खाली ठेवला.

तिनं मग बसल्या बसल्याच सरकत सुरुवात केली. दोरीला हात न लावता, ती जमिनीवर राहू देऊन, नुसतं बोट दाखवलं. दोरी हातात असताना गेलेल्या माणसाबद्दल बोलत नाहीत, म्हणून मोठेबाबांनी मला सांगितलं नव्हतं हे तिनं जाता जाता सांगितलं, जसं काही मला ठाऊकच असणार. हे देवळामागच्या बुढीचं. हे त्या पोराचं, सापानं खाल्लं त्याले. हे बाळंतिणीचं. हे एकच आठवड्याचं, दोन दिवसाचं लेकरू होतं. मी कागदावरच्या शून्यांवर बोट ठेवत तिच्या मागोमाग जात होते. एक आठवडा, दोन आठवडे. मी भरलेलं शून्य न शून्य कुणाच्या तरी घरचं निघत होतं.

मग ती लांब मोकळी दोरी आली. नऊ लाल चिंध्या आणि मध्ये काहीच नाही. मला तिनं बोलायच्या आधी कळलं होतं. सहावं वर्ष, विसावा आठवडा. फाल्गुन. होळी होऊन तिसरा दिवस. आकड्यांत लिहिलं होतं म्हणून दिसलं नव्हतं, एवढंच.

"हे तुह्या बापाचं," मोठीमाय म्हणाली. "तेरवी झाल्यावर समद्यायनं जाळं वलं केलं. तुह्या मोठेबाबानं नाही केलं. मी म्हनलं, घरात खायाले नाही, जाय ना गा. तं म्हने दुसरं टोक कोन धरीन? दोन महिने तलावाच्या पाळीवर जाऊन बसे आन्‌ तसाच वापस ये."

परवानगीच्या कागदावर तिनं अंगठा दिला. काय लिहिलं आहे ते विचारलंही नाही.

सोमवारी मी बॉटनीच्या सरांना सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "मॅडम, दोरी वाचणारा गेला. हे आता तुम्हाला आणि त्या म्हातारीला ठाऊक. जर्नलवाल्यांना काय करायचं आहे? मुलाखत होऊ द्या, मग पुढच्या निबंधात दुरुस्ती करा." मला त्यांचा राग आला नाही, कारण रात्रभर मी हेच घोकत होते. तेवढं दीड पान गेलं की निबंधाचा प्राण गेला. प्राण गेला की पत्र गेलं, आणि पत्राशिवाय मुलाखतीत बसायचं म्हणजे हात हलवत जायचं. तीन वर्षं. आणि तसं पाहिलं तर मी खोटं कुठं बोलले होते? त्या नऊ आठवड्यांत टोपलीत मासा आला नव्हता, हे खरंच होतं. असं मी दिवसभर स्वतःला सांगत राहिले आणि दिवसभर मोठेबाबा खांद्यापाशी उभे राहिले.

दुपारी दार लावून मी रेकॉर्डिंग उतरवायला बसले. ते बाकी होतंच. तोवर मी ते कधी ऐकलंच नव्हतं, आकडे हाती आले होते, आवाजाची गरज काय? तीन तासांचं होतं. कोंबड्या, मोठीमायचं भांडी घासणं, दोरीवरून सरकणारा अंगठा, चार, दोन, काडी. मोकळी दोरी आली की शांतता. ती शांतताही मी वेळ टाकून लिहीत होते, नियमच तसा आहे. पाच सेकंद. आठ सेकंद. पुढं जा.

सहाव्या वर्षाला आले तेव्हा मी रेकॉर्डिंग थांबवलं. मग चालू केलं. शांतता एवढी लांबली की फोन बंद पडला असं वाटलं. त्यांचा श्वास ऐकू येत होता. आणि मग मोठेबाबांनी विचारलं. दोरी हातात होती, नाव घेता येत नव्हतं, म्हणून त्यांनी वळसा घालून विचारलं.

"बाई, त्या साली तू किती दिस होतीस गावात?"

मला हा प्रश्न आठवतच नव्हता. शपथेवर सांगते, विचारलेलाच आठवत नव्हता. तीन दिवस होते मी. चौथ्या दिवशी नागपूरला परतले, तेव्हा तिथं पीएच.डी. चालू होती, कारण माझ्या प्रयोगाच्या काचेच्या टाक्यांमधल्या माशांना खायला घालायला कुणी नव्हतं, ते मेले असते तर वर्ष वाया गेलं असतं. मोठेबाबांनी मला बसवर सोडलं होतं. तेव्हा काही बोलले नव्हते.

रेकॉर्डिंगमध्ये लगेच माझा आवाज येतो. घाईतला, जरा चिडका.

"आकडा सांगा ना मोठेबाबा. बॅटरी संपून राहिली."

मग परत त्यांचा श्वास. मग, "पुढं जा."

मी हेडफोन काढला आणि विभागात बसून रडले. कपाटातले मासे होते समोर, दुसरं कुणी नव्हतं. पाठीमागेही कुणी नव्हतं त्या वेळी, एवढं मला पक्कं जाणवलं.

त्या संध्याकाळी मी तक्ता दोन उघडला आणि काडीची शून्यं तेवढी ठेवून बाकीची एक एक करून पुसली. एका दमात पुसता आली असती, पण मी मोठीमायच्या क्रमानं गेले. दीड पान काढलं. तक्त्याखाली टीप टाकली की रिकाम्या घरांच्या आठवड्यांत टोलीत मृत्यू झाल्यामुळे जाळं टाकलं गेलं नाही, आणि ही घरं शून्य समजू नयेत. संपादकांना पत्र लिहिलं की चूक माझी आहे, माहिती देणाऱ्याची नाही, त्यांनी जे होतं तेच सांगितलं.

चार दिवसांत उत्तर आलं. मुख्य निष्कर्षच बदलल्यामुळे स्वीकृती मागे घेत आहोत, निबंध नव्यानं परीक्षणाला जाईल, सहा महिने लागू शकतात. सोबत तांत्रिक विभागाची एक ओळ होती, आपल्या तक्त्यातली काही घरं रिकामी दिसतात, कृपया भरावीत. मी हसले. मुलाखतीला मी गेलेच नाही. वाईट वाटलं, अजूनही वाटतं, माझ्यामागून आलेली पोरं पुढं गेली. पेढे कुणी मागितले नाहीत.

घरं मी भरली नाहीत. तसं कळवलं आणि उतरवलेली मुलाखत सोबत जोडली, अख्खी, शांततांसकट. माझं ते वाक्य गाळावं असं फार वाटलं. बॅटरीवर काय कुणाचा निष्कर्ष अडला होता? पण शब्दन्‌शब्द म्हणजे शब्दन्‌शब्द, म्हणून ठेवलं.

फक्त त्या ओळीपाशी थोडी अडखळले. बोलणाऱ्याचं नाव लिहायचं नसतं, डावीकडे तो कोण एवढंच लिहायचं असतं. मोठेबाबांच्या प्रश्नापुढे मी माहितीदार असं लिहिलं. माझ्या उत्तरापुढे आधी मुलगी असं टाइप केलं, कारण त्यांनी मुलीलाच विचारलं होतं. मग ते खोडलं आणि संशोधक लिहिलं, कारण उत्तर दिलं होतं ते तिनं.